अक्कांची डावी मूठ

धर्मापुरीच्या एसटीडी बूथवरून निरोप आला तेव्हा मी आईबरोबर कापूस वेचत होते. दिवाळीची सुट्टी होती. बूथवाल्याचा भाऊ सायकल बांधावर टाकून आत आला आणि म्हणाला, अंबाजोगाईहून फोन होता, अक्का गेल्या म्हणून सांगा म्हणले. मी त्याला विचारलं, फोन कुणाचा होता? आवाज बाईचा होता की पुरुषाचा? नाव नीट ऐकलं का? तो वैतागला. म्हणाला, "तुला खोटं सांगून मला काय मिळणार हाय बाई?" त्याचं बरोबर होतं. पण तोंडी निरोपावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, आणणाऱ्याला उलटून विचारायचं, हे मला अक्कांनीच शिकवलं होतं. एसटीत बसल्यावरही मी मनाला सांगत होते की त्यांच्या समाजात घरोघरी एक अक्का असते, दुसरी कुणीतरी गेली असेल. गल्लीच्या तोंडाशी आले आणि अक्कांच्या भांड्याच्या दुकानाची फळी दिवसाढवळ्या लागलेली दिसली... तेव्हा खरं वाटलं.

शिवकांताअक्का माझ्या नात्याच्या नव्हत्या. त्यांच्या दुकानावरच्या खोलीत मी अडीच वर्षं राहिले. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, मुलगी तर नाहीच. वडील मला सोडायला आले तेव्हा अक्कांच्या समोरच म्हणाले, "शिकू द्या. पण हिच्याबद्दल एक शब्द कानावर आला, तर पुस्तकांसकट घरी." अक्का हातातलं पातेलं पुसत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुमच्या कानावर यायच्या आधी माझ्या कानावर यील." वडिलांना ते ऐकून बरं वाटलं. मला मात्र वाटलं, ही बाई आता माझ्यावर पाळत ठेवणार. ठेवलीही. कॉलेजातून यायला दहा मिनिटं उशीर झाला की विचारायच्या, आणि मी दिलेलं उत्तर दोन दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून पडताळून घ्यायच्या.

त्यांचा स्वभावच तसा होता. दुकानात नवीन माल आला की एकेक भांडं डाव्या हातावर उचलून उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानं वाजवायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. चीर असेल तर आवाज बसका येतो. व्यापारी म्हणायचे, अक्का, एवढ्या वर्षांची ओळख आपली. त्या म्हणायच्या, "ओळख तुमची हाय, भांड्याची न्हाई." माणसांनाही त्या अशाच वाजवून बघायच्या. याच सवयीमुळं एकदा त्यांच्या हातून चूक झाली होती, आणि पुढचं सगळं त्या चुकीतून झालं असं मला वाटतं.

ती गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. सरकारी दवाखान्यात खेड्यापाड्यातून पेशंट येतात, त्यांच्याबरोबर घरची माणसं येतात. ती रस्त्याच्या कडेला तीन दगड मांडून शिजवतात. त्यासाठी लहानसं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं घ्यायला पुष्कळ जण अक्कांच्याच दुकानात यायचे. त्यातले काही चार-पाच दिवसांनी पातेलं घासूनपुसून परत आणायचे आणि म्हणायचे, नको आता, परत घ्या. अक्कांना हा लबाडीचा धंदा वाटायचा. वापरून परत द्यायचं, म्हणजे फुकटात काम. एकदा आष्टीकडचा एक माणूस असाच पातेलं घेऊन आला. अक्कांनी ते उलटं केलं, बुडाची काजळी नखानं खरवडली आणि म्हणाल्या, वापरलेलं हाय. तो म्हणाला, "एकदाच खिचडी केलती, अक्का. खाणारा राह्यला न्हाई." एवढं बोलून तो पातेलं तिथंच ठेवून निघून गेला. अक्का मला म्हणाल्या, "म्हंजे बघ, आजवर जे जे परत आणून देत होते..." ते पातेलं त्यांनी विकलं नाही. मागच्या खोलीत पालथं ठेवलेलं असायचं.

दवाखान्याच्या समोर रस्त्यापलीकडं त्यांच्या घरची थोडी मोकळी जागा होती. तिथं या लोकांना शिजवायला ओटे आणि रात्री पडायला चार खोल्या बांधायच्या, असं त्यांनी मनात धरलं. जागा होती, पण बांधायला पैसा नव्हता. मी राहायला आले त्याच वर्षी त्यांचा भाचा मल्लू पुण्याहून आला. तो एका नव्या परदेशी कंपनीत लागला होता, रंगीत टीव्ही विकणाऱ्या. जेवताना तो हसत सांगू लागला की त्याच्या कंपनीनं एक अजब प्रकार काढला आहे. विमानातून उडी मारायची. जो उडी मारेल त्यानं आपल्या गावातून एखाद्या चांगल्या कामासाठी पैसे गोळा करायचे, आणि गाव जेवढे देईल तेवढेच कंपनी घालणार.

"एकट्यानं मारायची का?" अक्कांनी विचारलं.

"न्हाई अक्का, दोघांनी. एकच छत्री. मागं शिकवणारा असतो, त्याच्या छातीला आपल्याला पट्ट्यांनी बांधतात."

"म्हंजे छत्री उघडली न्हाई तर तो बी मरतो?"

"मरतो की."

"मग ठीक हाय. माझं नाव घाल."

मल्लूचा घास हातातच राहिला. अक्कांचं वय तेव्हा साठीला टेकलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ज्याचा जीव माझ्या जीवाला बांधलाय तो मला फशिवणार न्हाई. असा माणूस दुकानात बसून भेटत न्हाई."

ही बातमी गावात पसरायला एक दिवसही लागला नाही, आणि बातमीबरोबर संशयही पसरला. कुणी म्हणालं, मुलाला नगरपालिकेला उभं करायचंय. कुणी म्हणालं, शेजारच्या जागेचा भाव वाढवायची युक्ती आहे. मला स्वतःला कंपनीचाच संशय होता. वाटायचं, खोल्या होतील आणि वर टीव्हीची भली मोठी पाटी लागेल. समोरच्या कापड दुकानाचे विश्वनाथअप्पा अक्कांच्या यजमानांचे जुने मित्र. गावातले बाकीचे व्यापारी त्यांच्या तोंडाकडं बघून देणगी द्यायचे. अक्का त्यांच्याकडं गेल्या तेव्हा मी बरोबर होते. अप्पा गादीवर रेलून म्हणाले, "वैनी, पडायचे पैसे कुठं मिळतात का? आपल्या गावात लोक फुकट पडतात." दुकानातले सगळे हसले. अक्काही हसल्या. मग अप्पा सावरून बसले. म्हणाले, मी देतो, सगळ्यांत जास्त देतो, पण वैनी उडल्या हे आम्हाला कळायचं कसं? कंपनीचा कागद नको, असले कागद कोपऱ्यावरच्या प्रेसमध्ये छापून मिळतात. विमानाशेजारी उभं राहून काढलेला फोटोही नको. आपला माणूस बघायला पाहिजे. "तुमचा पोरगा नको, मल्लू नको. ही वरच्या खोलीतली पोरगी न्या. हिला अजून खोटं बोलायला येत न्हाई." असं त्या दिवशी मला साक्षीदार करून टाकलं. मला कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला आत कुठंतरी अभिमानच वाटला होता.

पुण्याच्या पलीकडं एक लहान धावपट्टी होती. जानेवारी होता, सकाळची थंडी होती. उडी मारणारे पंधरा-वीस जण होते, बहुतेक कंपनीतली तरुण मुलं. शिकवणारा एक उंच गोरा होता, त्याची मान उन्हानं लाल झालेली. अक्कांनी त्याच्या पट्ट्यांची प्रत्येक कडी पेरानं वाजवून बघितली. मग मल्लूकडून विचारलं, ह्यानं आजवर जेवढे खाली आणले ते सगळे जिवंत हायत का? गोरा हसून हो म्हणाला. छत्री माझ्यासमोर उघडून परत घडी घाल, असंही त्यांनी सांगितलं, आणि त्यानं तेही केलं. अर्धा तास लागला. मागं रांगेतली मुलं कुरकुरत होती. अक्का घडीवरून नजर काढायला तयार नव्हत्या.

मग बायकांच्या तंबूत मी त्यांना तो अंगभर पोशाख चढवला. नऊवारीवरच. कासोट्यामुळं मांड्यांचे पट्टे नीट बसले, कंपनीतल्या मुलींच्या कपड्यांपेक्षाही नीट. पण छातीवरचा पट्टा आवळायला गेले आणि मधे काहीतरी कडक लागलं. ती त्यांच्या गळ्यातली चांदीची डबी होती. त्यात इष्टलिंग असतं. बाहेरून मल्लू ओरडला, "अक्का, गळ्यात काही ठेवायचं न्हाई म्हणतोय तो. पट्टा रुततो, दोऱ्याचा फास बसतो. काढून पोरीकडं द्या."

मी त्यांच्या समाजाची नाही, त्यामुळं ही गोष्ट केवढी मोठी आहे हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. लहानपणी एकदा गळ्यात बांधलेलं ते लिंग मरेपर्यंत अंगापासून वेगळं करायचं नसतं, आणि मेल्यावरही ते बरोबरच जातं. अक्का बाकावर बसल्या. त्यांचा चेहरा मी कधीच असा बघितला नव्हता. मला वाटलं, संपलं, आता आम्ही परत जाणार. बाहेर विमानाचा पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. मी घाबरतच म्हणाले, "अक्का... सकाळी पूजेला तुम्ही तळहातावर घेता ना. तसंच हातात घ्या."

"आन् पडलं तर?"

"बांधू."

बांधायला काही नव्हतं. गळ्यातला दोरा अपुरा होता. मी एका वेणीची रिबीन सोडली. हिरवी, सॅटिनची. अक्का तिच्याकडं बघत राहिल्या. "केसातली हाय पोरी." मी म्हणाले, "काल धुतलीय." त्यांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, डबीतून लिंग काढलं, डाव्या तळहातावर घेतलं आणि मूठ मिटून माझ्यासमोर धरली. मी मुठीला रिबिनीचे वेढे दिले आणि कडब्याची पेंढी बांधतात तशी गाठ मारली. ती ओढली की आणखी घट्ट होते. आईनं शिकवलेली. अक्का म्हणाल्या, "हे कुणाला सांगायचं न्हाई. मी हाय तवर." मी मान हलवली. गोऱ्याला वाटलं हाताला लागलंय, म्हणून पट्टी बांधलीय. मल्लूनं त्याला तसंच वाटू दिलं.

विमान वर गेलं आणि घिरट्या घालत घालत दिसेनासं झालं. आवाज तेवढा यायचा. खूप वेळानं आभाळात एक ठिपका उमटला, मग त्याच्यावर छत्री उमलली, आणि दोन माणसं एकमेकांना बांधलेली, हळूहळू खाली येऊ लागली. त्याआधी उतरलेली सगळी मुलं दोन्ही हात पसरून येत होती, ओरडत होती. या जोडीतलं पुढचं माणूस ओरडत नव्हतं. त्याचा उजवा हात पट्ट्यावर होता आणि डावी मूठ छातीशी घट्ट धरलेली होती. डोक्याला टोपी, डोळ्यांना मोठा चष्मा, चेहरा काही दिसत नव्हता. पण मुठीतून दोन हिरवी टोकं वाऱ्यावर फडफडताना मी बघितली. वाऱ्यानं छत्री ओढत नेली आणि ते दोघं कुंपणापलीकडं हरभऱ्याच्या रानात उतरले. विमान त्यांच्या आधीच धावपट्टीवर आलं होतं. मी कुंपणाला वळसा घालून धावत पोचले तोवर गोऱ्यानं पट्टे सोडले होते आणि अक्का हरभऱ्यात उभ्या होत्या. मूठ तशीच होती. गाठ तशीच होती. मी सोडायला गेले तर हात विहिरीच्या पाण्यासारखा गार, बोटं उघडेनात. मी बोटांवर फुंकर घालत बसले; ती सैलावली तेव्हा रिबीन गाठ न सोडताच मुठीवरून निघाली आणि अक्कांनी ती जवळ ठेवली. अक्का वर बघत होत्या. म्हणाल्या, "लई मोठं भांडं हाय पोरी. कुठं चीर न्हाई."

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी अप्पांच्या दुकानात बैठक बसली. दहा-बारा जण होते. अक्का भिंतीशी बसल्या होत्या, त्यांच्यासमोर चहाची बशी. अप्पांनी मला मधोमध बसवलं आणि अगदी गोड आवाजात विचारायला सुरुवात केली.

"वैनी विमानात चढल्या ते बघितलं?"

"हो."

"विमानातून बाहेर पडताना?"

"नाही. विमान दिसतच नव्हतं."

"खाली येताना तोंड दिसलं?"

"नाही. टोपी होती. चष्मा होता."

"आन् तू रानात पोचेपर्यंत विमान उतरलं होतं?"

"उतरलं होतं."

"मग दुसरीच कुणी उडली आन् वैनी विमानातून उतरून रानात जाऊन उभ्या राह्यल्या, असं झालं नसंल कशावरून? कशावरून वळखलं तू?"

मी अक्कांकडं बघितलं. एका शब्दाचं काम होतं. रिबीन. पण रिबीन म्हटलं की ती कशाला बांधली होती हेही सांगावं लागलं असतं. अक्कांनी मान वर करावी, नुसता डोळा हलवावा, म्हणून मी थांबले... त्या बशीकडं बघत होत्या. बोटाच्या पेरानं त्यांनी बशी एकदा वाजवली, बस. मी म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही."

अप्पा उठले. "पोरगी खरं बोलली," ते म्हणाले. "वळखलं न्हाई तिनं." त्यांनी पैसे दिले नाहीत. बाकीच्यांनीही हात आखडला, आणि गावानं जेवढं दिलं तेवढंच कंपनीनं घातलं. चार खोल्यांच्या जागी एक खोली आणि दोन ओटे झाले. टीव्हीची पाटी काही लागली नाही. पावसाळ्यात तिथं जागा न मिळालेली माणसं अजून रस्त्याच्या कडेला पोती पांघरून बसतात. त्यांच्याकडं बघत मी कॉलेजला जायचे.

त्यानंतर कितीतरी महिने अक्कांबद्दल माझ्या मनात संशय होता, हे आज कबूल करायला हवं. मला वाटायचं, त्यांनी समाजातलं आपलं नाव राखलं आणि त्यासाठी त्या लोकांचं छप्पर घालवलं. आणि मला त्यात वापरलं. मी त्यांच्याशी तुटक बोलू लागले. त्यांना ते कळत होतं. रोज रात्रीचं ताट मात्र त्या वर पाठवत राहिल्या.

त्या खोलीची किल्ली अक्कांच्या दुकानात खिळ्याला असायची. ज्याला लागेल तो न्यायचा, आणून लावायचा. खोली झाल्यावर वर्षानं अप्पांच्या शेतावरच्या गड्याची बायको दवाखान्यात होती, तेव्हा स्वतः अप्पा किल्ली न्यायला आले. मी दुकानातच होते. किल्ली हातात घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "वैनी, हे काय पोरीबाळीचं बांधलंय हिला? सुतळी बांधा की." अक्का म्हणाल्या, "राहू द्या अप्पा. मजबूत हाय." मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. किल्लीला माझी हिरवी रिबीन होती. पेंढीची गाठ होती, मी मारली होती तशीच, फक्त मुठीएवढा फास आता किल्लीवर आवळलेला. वर्षभर ती सगळ्या गावासमोर लटकत होती, आणि अप्पा ती हातात घेऊन गेले.

दिवाळीच्या सुट्टीला निघाले त्या सकाळी मी धीर करून विचारलं. "अक्का, त्या दिवशी तुम्ही मला का बोलू दिलं नाही?" त्या तांब्या वाजवत होत्या. थांबल्या. "लोक मला चार दिस बोलले असते. स्वामींनी प्रायश्चित्त सांगितलं असतं, मी घेतलं असतं. म्हातारीला काय?" मग म्हणाल्या, "पण बांधली कुणी, कशानं बांधली, हे बी निघालंच असतं. तुझं नाव चौकात गेलं असतं. तुझा बाप काय म्हणून गेलता, मला याद हाय." त्यांनी तांब्या परत कानाशी नेला. "खोल्या काय, होतील आज न उद्या. तू दुसऱ्यांदा कॉलेजात आली नसतीस." एवढंच. एसटीची वेळ झाली होती. मी पायाही पडले नाही, येते म्हणून निघाले... ती शेवटची भेट.

त्यांना बसवून नेलं, त्यांच्यात नेतात तसं. समाधीच्या खड्ड्याशी स्वामींनी गळ्यातलं इष्टलिंग सोडलं, डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली. ती मूठ मी दुसऱ्यांदा बघत होते. शेजारी अप्पा उभे होते. माती टाकून बाजूला आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. कुणाला तरी ते म्हणत होते, "उडली-बिडली काय न्हाई, पण बाई लई जिद्दीची."

अप्पा, तुम्ही पेपरातलं हे पान रोज वाचता हे मला ठाऊक आहे. अक्का होत्या तोवर बोलायचं नव्हतं. आता त्या नाहीत. माझ्या वडिलांनाही मी हे छापायच्या आधी वाचून दाखवलं आहे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, परीक्षा कधी आहे. तेव्हा तुमच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर आज देते. मी अक्कांना मुठीवरून ओळखलं. त्यांच्या मुठीला माझी रिबीन होती, आणि ती वरून खाली येताना मी या डोळ्यांनी बघितली.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. अक्कांनीही ठेवला नसता. दुकान आता त्यांच्या सूनबाई चालवतात. आत गेलं की उजव्या हाताला खिळा आहे. किल्ली तिथं नसेल तर समजा कुणाचं तरी शिजतंय, थोडं थांबा. असेल तर हातात घ्या आणि ती गाठ ओढून बघा.